सिद्दी कासम : खाडीच्या मुखावरची सत्ता

मुरूडच्या दक्षिणेला राजपुरीची खाडी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तर काठावर आगरदांडा, समोरच्या काठावर दिघी आणि मुखाशी, भर पाण्यात, जंजिऱ्याचा काळा तट. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या बोटीतील प्रवाशाला हे दृश्य शांत वाटते. सतराव्या शतकात मात्र या टापूने औरंगजेबाच्या दरबारापासून मुंबईच्या किल्ल्यापर्यंत अनेकांची झोप उडवली होती. दंडा आणि राजपुरी या जोडगावांचा मिळून तेव्हा दंडाराजपुरी असा उल्लेख होत असे. या जोडगावांच्या इतिहासात सिद्दी कासम ऊर्फ याकूतखान याचे नाव सर्वांत ठळक आहे. स्वराज्याचा कट्टर शत्रू म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो, आणि ती ओळख खरीच आहे. परंतु एका छोट्या बंदरावरील संकटाने मोठ्या सत्तांचे राजकारण कसे बदलते, हे समजून घ्यायचे तर त्याच्या चरित्राकडे पुन्हा पाहिले पाहिजे.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतील हबसाण प्रांताचे. अहमदनगरच्या निजामशाहीत ते सैन्यात आणि आरमारात चढत गेले. 1636 मध्ये निजामशाही बुडाली आणि कोकणचा हा भाग विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. आदिलशाहीने नागोठण्यापासून बाणकोटपर्यंतचा मुलूख दंडाराजपुरीच्या सिद्दी अंमलदाराला वजीर या पदवीसह सोपवला. व्यापाराचे रक्षण करायचे आणि मक्केच्या यात्रेकरूंना सुखरूप पोहोचवायचे, ही त्याची अट होती. म्हणजे सिद्द्यांची सत्ता जमिनीच्या महसुलाइतकीच समुद्रमार्गाच्या सुरक्षिततेवर उभी होती.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेऊन आरमाराची उभारणी सुरू केली, तेव्हा या सत्तेशी संघर्ष अटळ झाला. रायगड, तळा, घोसाळा हा स्वराज्याचा गाभा दंडाराजपुरीपासून दूर नव्हता. खाडीतून आत शिरणारी सिद्द्यांची गलबते किनाऱ्यावरची गावे लुटत, माणसे पकडून नेत. 1661 च्या सुमारास दंडाराजपुरी मराठ्यांच्या हाती आली. जंजिरा मात्र पाण्यात सुरक्षित राहिला. परिणाम उलटा झाला. बेटाला धान्य पुरवणारा मुलूख गेल्याने सिद्द्यांना पोटासाठीही लुटीवरच अवलंबून राहावे लागले आणि किनाऱ्यावरचे हल्ले अधिकच वाढले.

1669 मध्ये महाराजांनी जंजिऱ्याभोवतीचा फास आवळला. किल्ल्याचा सरदार फत्तेखान जेरीस आला. विजापूरची सत्ता खिळखिळी झाली होती आणि तिकडून मदत येण्याची आशा उरली नव्हती. मराठ्यांकडून जहागीर घेऊन किल्ला देऊन टाकावा, या निर्णयाप्रत तो आला. त्याच्या पदरच्या तीन हबशी गुलामांना हे मान्य झाले नाही. सिद्दी संबूल, सिद्दी कासम आणि सिद्दी खैरियत ही त्यांची नावे. त्यांनी धन्यालाच कैद केले आणि किल्ल्याचा ताबा घेतला. बंड करून ते थांबले नाहीत. विजापूरला पाठ दाखवून त्यांनी मोगलांकडे मदत मागितली.

औरंगजेबाच्या दृष्टीने ही आयती संधी होती. मोगलांचे घोडदळ आणि तोफखाना अफाट होता, पण पश्चिम किनाऱ्यावर लढणारे आरमार त्यांच्याकडे नव्हते. सुरतेचा व्यापार आणि मक्केला जाणारी जहाजे उघड्यावर होती. सिद्द्यांना मोगली मनसब मिळाली, सुरतेच्या महसुलातून आरमाराच्या खर्चाची तरतूद झाली, आणि याकूतखान हा किताब त्यांच्या घराण्याशी जोडला गेला. विजापूरचे आरमार एका रात्रीत दिल्लीचे झाले. एका बेटाच्या वेढ्यामुळे पश्चिम समुद्रावरील सत्तेचा तोल असा बदलला.

कासमच्या हाती जंजिऱ्याची जबाबदारी आली आणि त्याने लगेच आपले पाणी दाखवले. 1671 च्या शिमग्याची रात्र होती. दंडाराजपुरीच्या किल्ल्यात मराठ्यांची शिबंदी सणात दंग होती. खाफीखान या मोगल इतिहासकाराच्या वर्णनानुसार खैरियतने सुमारे पाचशे माणसांनिशी जमिनीच्या बाजूने गलका करीत चाल केली. सारे लक्ष तिकडे वळताच कासम तीस-चाळीस मचव्यांतून समुद्राच्या अंगाला आला आणि शिड्या लावून तटावर चढला. झुंज सुरू असतानाच दारूचे कोठार उडाले आणि दोन्हीकडची माणसे मेली. रायगडी निद्रेत असलेले महाराज त्या क्षणी दचकून जागे झाले आणि दंडाराजपुरीस काही अनर्थ घडल्याचे त्यांनी ओळखले, अशी कथा पुढे रूढ झाली.

दंडाराजपुरी पुन्हा सिद्द्यांकडे गेली. आसपासचे लहान किल्लेही कासमने घेतले. त्यांपैकी एका किल्ल्यातील लोकांनी अभय मिळाल्यावर दरवाजे उघडले. त्यानंतर पुरुषांची कत्तल झाली आणि स्त्रिया व मुले गुलाम झाली, अशी नोंद खुद्द खाफीखानाने केली आहे. स्वतः गुलामगिरीतून वर आलेल्या माणसाने इतरांना त्याच गुलामगिरीत ढकलावे, ही त्याच्या चरित्रातील काळी बाजू झाकण्याचे कारण नाही.

आता या संकटाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या. मुंबई बेट 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले होते. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात गलबते ठेवता येत नाहीत, म्हणून सिद्द्यांच्या आरमाराला माझगावच्या आसऱ्याला येऊ द्यावे, असा मोगलांचा आग्रह सुरू झाला. गव्हर्नर जेराल्ड आँजियर मोठ्या पेचात सापडला. नकार द्यावा तर सुरतेची वखार मोगलांच्या तावडीत होती. होकार द्यावा तर समोरचा किनारा शिवाजी महाराजांचा होता. बेटाचे धान्य आणि चुलीचे सरपण तिकडून येत असे. इंधनाचा पुरवठा एकाच्या हाती आणि व्यापाराचा परवाना दुसऱ्याच्या हाती, अशा कात्रीत कंपनीने तटस्थतेचे धोरण पत्करले.

ती तटस्थता कागदावर सोपी आणि व्यवहारात अवघड होती. सिद्दी मुंबईच्या बंदरात येत, तेथून पेण-नागोठण्याच्या खाड्यांत शिरून मराठी गावे जाळत आणि पुन्हा बंदरात परतत. जळणाऱ्या गावांचा जाब मराठे इंग्रजांना विचारत. 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, त्याच्या कामांत सिद्द्यांशी तह करण्याची गळ घालणे हेही एक काम होते. व्यापाराचा करार झाला. सिद्द्यांशी सलोखा करण्यास मात्र महाराजांनी नकार दिला. घराशेजारचा शत्रू त्यांना परक्या मध्यस्थीने सोडायचा नव्हता. जंजिऱ्याजवळच पद्मदुर्ग उभारून त्यांनी आपला इरादा स्पष्ट केला होता.

1676 मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी मोठी फौज आणि तरंगते मोर्चे घेऊन जंजिऱ्यावर हल्ला चढवला. कासमने तो परतवला. या यशाने त्याचे दरबारातील वजन वाढले. सिद्दी संबूल आरमार सोडायला तयार नव्हता, आणि 1677 मध्ये या दोघांचे भांडण चक्क माझगावात हातघाईवर आले. अखेर मुंबईच्या इंग्रजांनी मध्यस्थी केली आणि आरमाराची सूत्रे कासमकडे आली. परक्यांच्या भांडणात न पडण्याची शपथ घेतलेल्या कंपनीवर त्यांचा दर्यासारंग कोण, हे ठरवण्याची वेळ आली होती. कासम समुद्रावर आणि खैरियत जंजिऱ्यात, अशी वाटणी यानंतर झाली.

1679 मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास सुरुवात केली. हा किल्ला जसा सिद्द्यांसाठी होता, तसाच मुंबईच्या बंदरावर नजर ठेवण्यासाठीही होता. इंग्रज घाबरले आणि त्यांनी गलबते धाडली. मराठ्यांनी त्यांना तडाखा दिला. मागोमाग कासम आपले आरमार घेऊन आला. इंग्रजांना त्याची मदत हवी होती, पण खांदेरी त्याच्या हातात पडणेही नको होते. कासमने आपला डाव स्वतंत्रपणे खेळला. जानेवारी 1680 मध्ये त्याने शेजारचे उंदेरी बेट बळकावून तेथे तोफा चढवल्या. त्यानंतर अनेक वर्षे मुंबईचे नागरिक या दोन बेटांमधील तोफांचे आवाज ऐकत राहिले. इंग्रजांनी मराठ्यांशी तह करून अंग काढून घेतले.

महाराजांच्या निधनानंतर संभाजी महाराजांनी हा संघर्ष पुढे नेला. 1682 च्या आरंभी त्यांनी जंजिऱ्याला वेढा घातला. तोफांचा भडिमार केला आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू बांधण्याचे कामही हाती घेतले. कोंडाजी फर्जंद यांनी किल्ल्यात शिरून केलेला प्रयत्न फसला आणि त्यांनी प्राण गमावले, असे बखरी सांगतात. बेट पडण्याची चिन्हे दिसत असतानाच मोगलांची फौज कल्याणच्या बाजूने कोकणात उतरली आणि संभाजी महाराजांना तिकडे वळावे लागले. दूरच्या धन्याशी बांधून घेतल्याचा कासमला झालेला हा सर्वांत मोठा लाभ होता.

या साऱ्या वर्षांत कासमचे सामर्थ्य नेमके कशात होते? त्याच्याकडे प्रचंड मुलूख नव्हता आणि खजिनाही परक्याचा होता. त्याच्याकडे खाडीचे एक मुख होते, न पडणारा एक किल्ला होता आणि भरती-ओहोटीचे पक्के ज्ञान असलेले खलाशी होते. मोगलांना त्याच्याशिवाय समुद्रावर उभे राहता येत नव्हते, मराठ्यांना त्याला दुर्लक्षून चालत नव्हते आणि इंग्रजांना त्याला दुखावणे परवडत नव्हते. आपली निकड इतरांना भासत राहील याची तजवीज करणे, हेच त्याचे राजकारण होते.

ते दुर्लक्षिल्याची किंमत कंपनीने 1689 मध्ये मोजली. सर जॉन चाइल्ड याने मोगलांशी उघड युद्ध पुकारून त्यांची जहाजे पकडण्याचा सपाटा लावला. त्यात दंडाराजपुरीच्या छावणीकडे धान्य घेऊन निघालेला एक ताफाही त्याने मुंबईत ओढून आणला, असे स्कॉटिश दर्यावर्दी अलेक्झांडर हॅमिल्टन याने लिहून ठेवले आहे. धान्य परत करावे, अन्यथा आपण मुंबईत उतरू, असे कासमने कळवले. चाइल्डने ते हसण्यावारी नेले. कासम रात्रीच्या वेळी शिवडीला उतरला. माझगाव, माहीम एकामागून एक त्याच्या ताब्यात गेले आणि इंग्रज किल्ल्याच्या भिंतींआड कोंडले गेले. वेढा वर्षभराहून अधिक चालला.

शेवटी कंपनीचे वकील औरंगजेबापुढे क्षमायाचनेसाठी उभे राहिले. दीड लाख रुपये दंड आणि चाइल्डची हकालपट्टी या अटींवर बादशहाने त्यांना माफी दिली. चाइल्ड फेब्रुवारी 1690 मध्ये मुंबईतच मरण पावला. कासमने जून 1690 मध्ये बेट सोडले, आणि जाताना माझगावचा किल्ला जाळला. आज शिवडी ते माहीम असा प्रवास करणाऱ्या मुंबईकराला हे शहर कधीकाळी दंडाराजपुरीच्या सरदाराने गुडघ्यावर आणले होते, याची कल्पनाही नसते.

1689 मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि पुढे तो सिद्द्यांच्या ताब्यात आला. ज्या गडावरून दंडाराजपुरीच्या मोहिमा आखल्या गेल्या, त्याची राखण दंडाराजपुरीच्या माणसांनी करावी, हा दैवाचा विचित्र खेळ होता. 1696 मध्ये खैरियत वारला आणि कासम जंजिऱ्याचा धनी झाला. 1706 मध्ये, औरंगजेबाच्या आधी काही महिने, त्याचे निधन झाले. तोवर कान्होजी आंग्रे यांच्या रूपाने समुद्रावर नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला होता.

त्यानंतर मोगल सत्ता ढासळत गेली आणि सिद्द्यांचा आधार तुटला. 1733 मध्ये बाजीरावांच्या मोहिमेच्या काळात रायगड मराठ्यांकडे परत आला. 1736 मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी सात याला लढाईत ठार केले. सिद्द्यांचा मुलूख आक्रसला, पण जंजिरा शेवटपर्यंत पडला नाही. इंग्रजी अमलात संस्थान म्हणून टिकून तो 1948 मध्ये भारतात विलीन झाला. कासमने वाचवलेली सत्ता मोगलांनंतर आणि पेशवाईनंतरही जिवंत राहिली. मात्र तिला कायम कोणा ना कोणा मोठ्या छत्राची गरज भासली. शेजाऱ्याशी न जुळवता लांबचा धनी शोधल्याने सिद्द्यांचे अस्तित्व टिकले, पण स्वातंत्र्य हाती आले नाही. आणि या धोरणाची खरी किंमत मोजली, ती जळालेल्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी आणि गुलाम म्हणून नेलेल्या बायका-मुलांनी.

काळ बदलला, तरी समुद्राचे गणित फारसे बदललेले नाही. पश्चिम आशियातील एखाद्या सामुद्रधुनीवर युद्धाचे सावट पडले की तेलाचे भाव कडाडतात आणि दूरदूरच्या देशांना मित्र-शत्रूंची यादी नव्याने तपासावी लागते. सरपणासाठी समोरच्या किनाऱ्याकडे पाहणाऱ्या आँजियरच्या मुंबईपुढे वेगळा प्रश्न नव्हता. आगरदांडा आणि दिघीच्या काठांवर आता आधुनिक बंदराचे धक्के उभे आहेत. 2021 मध्ये दिघी बंदर अदानी समूहाकडे गेले. खाडीच्या मुखाचे मोल नव्या काळानेही ओळखले आहे.

राजपुरीजवळ खोकरी येथे दगडी घुमटांच्या तीन कबरी आहेत. सर्वांत मोठी सिद्दी सिरुलखानाची. तिच्याजवळच्या दोन लहान कबरींपैकी एक खैरियतची आणि दुसरी कासमची. जंजिरा पाहायला दरवर्षी लोटणाऱ्या गर्दीतील थोडेच लोक तिथवर जातात.