चोखोबांचा नैवेद्य

भाविकहो, कीर्तन आटोपले की पुष्कळदा कोणी तरी जवळ येऊन विचारतो, महाराज, ऐपत नाही, सोवळे सांभाळता येत नाही. मग आमचा नैवेद्य देवाला पोचेल कसा? भगवंतांनी तर गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावरच समाधान मानले आहे. अट काय ती भक्तीची. परंतु शास्त्रार्थापेक्षा चरित्र लवकर उमगते. म्हणून आपल्या वऱ्हाडच्या मातीतल्या चोखोबांचे चरित्र सांगतो.

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाजवळचे मेहुणा राजा हे त्यांचे जन्मगाव, असे परंपरा मानते. त्यांच्या जन्मकथेतही नैवेद्यच आहे बघा. आईबाप आंब्यांचे ओझे घेऊन चालले होते. वाटेत एका ब्राह्मणाने एक आंबा मागितला, चोखून पाहिला आणि आंबट म्हणून परत केला. आईने तो पदरात बांधला. पुढे पदर सोडून पाहते तो आंब्याच्या जागी बालक! त्यावरून चोखा हे नाव पडले, अशी आख्यायिका. तो ब्राह्मण कोण, हे वारकऱ्यांस सांगणे नलगे.

जन्म महार कुळात. वाट्यास गावकीची कामे. पुढे संसार मंगळवेढ्यास झाला. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा, अवघे घर अभंग रचणारे. गुरू नामदेवराय. पंढरीची ओढ अनिवार. पण देवळात प्रवेश नाही. चोखोबा महाद्वारी उभे राहत. त्यांच्या हातचे फूल पायरीच्या आत जाईना, मग नैवेद्याचे नावच कशाला? अखेर चंद्रभागेपलीकडे, देवळासमोर, त्यांनी दीपमाळ उभारली. माणूस आत जाऊ शकत नव्हता, निदान उजेड तरी देवाच्या दिशेने जावा!

तिथलीच ती दह्याची कथा. पांडुरंग स्वतः चोखोबांकडे जेवावयास आला. वाढताना सोयराबाईंच्या हातून दही पितांबरावर सांडले. चोखोबा त्यांना बोलले, ते जवळून जाणाऱ्या एका पुजाऱ्याने ऐकले. देवाच्या नावाने हा सोंग करतो असे वाटून त्याने चोखोबांच्या गालावर चपराक मारली. स्नान करून तो राउळात गेला, तो मूर्तीच्या पितांबरावर दही आणि गाल सुजलेला!

आम्ही कीर्तनकार हे आख्यान रंगवतो. देवाचा गाल सुजला म्हणताच श्रोते गहिवरतात. पण खरे सांगू? त्या चपराकीने आधी चोखोबांचा गाल सुजला होता. तो गाल पाहून कोणी गहिवरला नाही. नैवेद्य देवाला पोचला होता; अडवणारी माणसेच होती.

शके १२६० म्हणजे इसवी सन १३३८ साली, वैशाख वद्य पंचमीस, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून चोखोबा तिच्याखाली गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या म्हणून नामदेवरायांनी ओळखल्या, पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. देह ठेवल्यावरही जागा दाराबाहेरचीच. ते दार उघडावयास १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मध्ये सहाशेंहून अधिक वर्षे गेली!

आमच्या नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी चोखोबांचे नाव घेऊन आपला समाज जागवला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह लाखो बांधवांनी बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्यांना आपण पिढ्यान् पिढ्या पायरीवर ताटकळत ठेवले, त्यांनी किती काळ उभे राहायचे?

म्हणून ऐपतीची आणि सोवळ्याची रुखरुख सोडा. तुळशीचे पान ठेवा, वाटीभर दही ठेवा, तेही नसेल तर हात जोडा. मात्र दुसऱ्याचा नैवेद्य अडवू नका. आणि पंढरीस जाल तेव्हा नामदेव पायरीपाशी घाई करू नका. समोरच्या समाधीवर आधी माथा ठेवा, मग आत जा.

रामकृष्णहरि.