दुपारच्या वेळेची शाळा : कै. रमाबाई रानडे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, असे चिटणीसताईंनी सांगितले. नावे पुष्कळ निघाली. मी रमाबाई रानडे यांचे नाव धरून बसले, आणि त्याला कारणही आहे. आपल्या मंडळात नांदेडच्या काय किंवा लातूरहून येणाऱ्या काय, निम्म्याहून अधिक भगिनी मुलेबाळे मोठी झाल्यावर पुन्हा काही करू पाहणाऱ्या आहेत. मीही त्यांतलीच. लग्नाआधी लातूरला शाळेत शिकवीत होते. नांदेडला आल्यावर ते सुटले ते चौदा वर्षे सुटले. पुढे हिशेबाचे काम शिकून एका कचेरीत विचारायला गेले, तर मधली चौदा वर्षे काय केलेत, असा प्रश्न आला. घर केले, हे उत्तर तिथे उत्तरात जमा नव्हते! म्हणून रमाबाईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध मला अधिक जवळचा वाटतो.

पूर्वार्ध आपल्याला ठाऊक आहे. २०१२ साली दूरचित्रवाणीवर त्यांच्यावर मालिका झाली, तेव्हापासून तर लहान मुलींनाही ठाऊक झाला. जन्म १८६२ सालचा, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी. माहेरचे नाव यमुना. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झाले. पती महादेव गोविंद रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, आणि ते बिजवर. मुलीला अक्षरओळख नव्हती. पतीनेच शिकवायला आरंभ केला. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हते. उघड विरोध करावा तर पती दुखावतात, अभ्यास सोडावा तरीही पती दुखावतात, अशा कात्रीत या मुलीने मराठी आणि पुढे इंग्रजीही पुरे केले. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी पुण्याच्या सभेत गव्हर्नरांपुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले, तेव्हा घरी कौतुक झाले नाही, बोलणीच बसली. मला विशेष वाटते ते हे, की त्यांनी घरात कधी आदळआपट केली नाही आणि पाटीही खाली ठेवली नाही. दोन्ही एकदम साधणे किती कठीण, हे एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला सांगायला नको.

१८९३ साली रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी बायकांचे वर्ग चालविले, शिवण व प्रथमोपचार शिकविण्याची सोय केली. पण त्यांच्या दिवसाचा मध्यबिंदू पतीची सेवा हाच होता, यात शंका नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाईंचे वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, पोटी मूल नाही, आणि ज्या माणसाभोवती सत्तावीस वर्षे फिरली तो माणूस नाही. त्या पुण्याला आल्या आणि मंडईजवळच्या जुन्या घरात जवळजवळ वर्षभर कोणात मिसळल्या नाहीत.

त्यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ते न्यायमूर्तींच्या निधनापाशी संपते. तोवर त्यांचे दुसरे आयुष्य सुरू होऊन काही वर्षे लोटली होती, पण त्याविषयी त्यांनी पुस्तकात लिहिलेले नाही. स्वतःचे काम आठवणीत घालण्याजोगे त्यांना वाटले नसावे, असा माझा तर्क. आपण मात्र ते सांगितले पाहिजे.

बाहेर पडल्या त्या हळूहळू. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांशी बोलत, त्यांना चार गोष्टी सांगत. इस्पितळात रोग्यांना फळे, फुले, पुस्तके नेऊन देत. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याचेही अध्यक्षपद त्यांनी पत्करले. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात सेवासदन निघाले. गोपाळ कृष्ण देवधर यांनी चिटणीसपद सांभाळले. रमाबाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या.

पुणे सेवासदनाची खरी कल्पकता वेळापत्रकात होती, असे मी म्हणेन. मुलींच्या शाळा पुण्यात आधीच होत्या. पण ज्यांचे शिकण्याचे वय स्वयंपाकघरात गेले, त्या प्रौढ बायका, विधवा, सुना कोठे जाणार? सकाळी घरचे आटपल्याशिवाय त्यांना पाय काढता येत नसे. म्हणून दुपारचे वर्ग. लेखन-वाचन, शिवण, प्रथमोपचार. पुढे शिक्षिकांचे ट्रेनिंग कॉलेज, वसतिगृहे. १९१५ साली संस्था रीतसर नोंदली गेली.

सर्वांत अवघड ठरला तो नर्सिंगचा वर्ग. चांगल्या घरच्या बाईने परक्या पुरुषाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढायचे, ही कल्पनाच त्या काळी असह्य होती. रमाबाई स्वतः सोवळ्यातल्या, पुराण-कीर्तनाला जाणाऱ्या. अशी बाई संस्थेच्या डोक्याशी उभी आहे, हे पाहून पुष्कळ सासऱ्यांनी व भावांनी मुलींना पाठविले असणार. ससून इस्पितळात त्या मुली शिकू लागल्या. आज कोणत्याही इस्पितळात गेलो आणि परिचारिकेला आपण सहज ताई म्हणून हाक मारली, तर त्या हाकेमागे त्या पहिल्या मुलींनी सोसलेले टोमणे आहेत. आळंदीच्या यात्रेतही सेवासदनाच्या स्वयंसेविका वारकरी स्त्रियांच्या औषधपाण्यासाठी जात.

साठीकडे झुकतानाही रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणातून मुलींना वगळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्या बायकांना घेऊन पुढे झाल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही मुंबई इलाख्यात त्यांनी काम केले. १९२४ साली त्या गेल्या, तेव्हा सेवासदनाच्या निरनिराळ्या वर्गांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. १९६२ साली, जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपल्याकडे मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. पुण्यातल्या दुपारच्या वर्गांसारखी सोय आमच्या आज्यांच्या वाट्याला आली नाही. माझी आजी अंगठाच उठवीत असे, आणि तिला त्याची फार लाज वाटे.

रमाबाईंचे पुस्तक मंडळाच्या कपाटात आहे. सध्या ते लातूरच्या एका भगिनीकडे वाचावयास गेले आहे. नंतर ज्यांना हवे असेल त्यांनी चिटणीसताईंकडे नाव नोंदवावे.