डेनिस रिची: ‘सुडो’मागचा एक बिट

लिनक्सवर फाइल मॅनेजर रूट म्हणून चालवला, की सेटिंगच्या काही फाइल्स रूटच्या मालकीच्या होऊ शकतात. मग स्वतःच्या खात्यातून तोच फाइल मॅनेजर नीट उघडत नाही. मालकी पुन्हा आपल्या नावावर केली की बहुतेक वेळा काम भागते. फाइलला मालक असण्याची ही पद्धत लिनक्सकडे युनिक्सकडून आली आणि युनिक्स घडवणाऱ्यांत डेनिस रिची होते.

रिची यांचा जन्म १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. हार्वर्डला पदार्थविज्ञान शिकून १९६७ मध्ये ते बेल लॅब्समध्ये आले. वडीलही तिथेच होते. १९६९ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स सुरू केले, त्यात रिची सामील झाले.

तिथे एक पेच होता. पासवर्डची फाइल रूटची, पण स्वतःचा पासवर्ड तर प्रत्येकाला बदलता यायला हवा. सगळ्यांना रूट करणे म्हणजे घराची किल्ली गावाला वाटणे! रिची यांनी प्रोग्रामच्या फाइलवर एक बिट ठेवला. तो लावला, की प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो, आणि तेही तेवढ्याच कामापुरते. या ‘सेटयूआयडी’चे पेटंट १९७९ मध्ये मिळाले. आजचा ‘सुडो’ याच बिटावर चालतो.

सी भाषाही त्यांचीच. १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांच्यानंतर आठवड्याभरातच, ते न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. जॉब्स यांच्या बातम्यांत ही बातमी झाकली गेली. जॉब्स यांच्या मॅकच्या पोटातही युनिक्सच होते.