फ्रान्स लिस्ट

फ्रान्स लिस्ट याचा जन्म सन १८११ सालीं तत्कालीन हंगेरींतील रायडिंग या खेड्यांत झाला. पियानोचे पहिले धडे बापानें दिले. पुढें व्हिएन्ना येथें चेर्नी या गुरूनें त्याला मोबदला न घेतां शिकविलें. सन १८३२ मध्यें पॅरिसला पागानिनीचें व्हायोलिनवादन ऐकून तो झपाटला व आपला हात नव्यानें घडवूं लागला.

लिस्ट पियानो आडवा मांडून, पुढें स्वरलिपीचा कागद न ठेवितां वाजवी; त्यामुळें त्याच्या मुद्रेवरील प्रत्येक छटा श्रोत्यांस दिसे. केस मागें झुगारणें, अंग डोलविणें, दृष्टि वर लावणें, हें पाहून लोक वेडे होत. त्याचा प्रतिस्पर्धी टाळबर्ग मात्र पुतळ्यासारखा बसे. हालत तीं केवळ बोटें. सन १८३७ मध्यें पॅरिसला दोघांनीं एकाच बैठकींत वाजविलें, पण निर्विवाद निकाल लागला नाहीं.

लिस्टचे हावभाव म्हणजे नाटक, असें म्हणणारे तेव्हांही होते. आणि थोडें नाटक त्यांत होतेंच. परंतु निव्वळ नाटक्या मनुष्य ऐन कीर्तींत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, धनासाठीं वाजविणें सोडील काय? सन १८४७ मध्यें त्यानें तें सोडलें. पुढें वायमार येथें तो शिष्यांस विनामूल्य शिकवी. सन १८७७ मध्यें रशियन संगीतकार बोरोदिन यानें तेथें त्याचें वादन ऐकलें, तेव्हां त्यास नवल वाटलें तें त्यांतील साधेपणाचें व संयमाचें. सन १८८६ मध्यें बायरॉइट येथें लिस्ट वारला.