गिटारवादक चार्ली क्रिश्चन

चार्ली क्रिश्चन यांचा जन्म २९ जुलै १९१६ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत बॉनम येथें झाला. (क्रिश्चन हें त्यांचें आडनांवच होय, वाचकांनीं भलता तर्क करूं नये.) बालपण ओक्लाहोमा शहरीं गेलें. अंध वडिलांबरोबर मुलगे रस्त्यावर गात-वाजवीत फिरत. शाळेंत असतांना चार्ली सिगारच्या पेटीस तारा लावून वाद्यें करीत.

नाचाच्या बँडांत ट्रंपेट-सॅक्सोफोनपुढें गिटारचा आवाज बुडून जाई. बिचारा वादक मागें बसून ताल धरी, एवढेंच. १९३६ सालीं गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही विजेची गिटार निघाली. गिटार, ध्वनिवर्धक व जोडतार मिळून सुमारें १५० डॉलर पडत, म्हणून तो आंकडा. तारांखालीं लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असे. पोलादी तार हालली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होई. ध्वनिवर्धक तो वाढवून लाउडस्पीकरांतून ऐकवी. चुंबक असे मोठे कीं ते वरच्या फळीखालीं दडवून तीन स्क्रूंनीं आवळावे लागत!

विजेची गिटार वाजविणारे एडी डरहॅमप्रभृति आधींहि होते. परंतु तिचें मर्म, आम्हांस वाटतें, चार्लींनाच पुरतें उमगलें. १९३९ सालीं ते बेनी गुडमन यांच्याकडे दाखल झाले. गोऱ्या नायकाच्या बँडांत कृष्णवर्णी वादक त्या काळीं विरळाच. गिटार आतां सॅक्सोफोनसारखी एकेका सुरानें बोलूं लागली. तेथील काम आटोपल्यावर ते हार्लेममधील मिंटन्समध्यें रात्र रात्र वाजवीत. क्षयानें त्यांस गांठलें व २ मार्च १९४२ रोजीं न्यूयॉर्कच्या सीव्ह्यू रुग्णालयांत, अवघ्या २५व्या वर्षीं, ते वारले. त्या धर्तीच्या चुंबकास वादक आजहि त्यांच्याच नांवानें ओळखतात.