केडगाव स्टेशन

मी दौंडहून पुण्याला रोज अपडाऊन करते. पाटस मागे पडलं की थोड्या वेळात केडगाव येतं. दीड वर्ष हे स्टेशन मी अर्धवट झोपेतच पाहिलं. पण एम-थ्री बॅक राहिल्याचं कळलं, त्या दिवशी परतताना झोपच आली नाही. बारावीला मेडिकल हुकलं म्हणून इंजिनिअरिंगला आले, तर इथेही हे! रात्री आजीने नेहमीप्रमाणे देवाचे आभार मानून ताट वाढलं, तेव्हा मला रागच आला. आभार कसले मानायचे? आजी काही बोलली नाही. जेवणानंतर तिने पंडिता रमाबाईंचं एक जुनं चरित्र माझ्यापुढे ठेवलं. केडगावचं मुक्ती मिशन उभारणाऱ्या त्याच या रमाबाई.

मित्रांनो, रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित. बायकांना संस्कृत शिकवणं पाप समजलं जाई, त्या काळात त्यांनी पत्नीला आणि मुलींना शिकवलं. तीर्थयात्रा करत, पुराण सांगत हे कुटुंब देशभर हिंडलं. पुढे दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायपीट करत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न केलं. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने तेही गेले. पदरात काही महिन्यांची मनोरमा!

१८८३ मध्ये त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे ती वाट बंद झाली. हे वाचताना मी उठूनच बसले. त्या काही परत फिरल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत होणार. तसं काही झालं नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्यांचं मन शांत नव्हतं. धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून भेटलाच नाही, हे त्यांना जवळजवळ आठ वर्षांनी उमगलं. मग स्वतः लायक होण्याची धडपड सोडून त्यांनी सगळा भार त्याच्यावर टाकला आणि तेव्हा कुठे त्यांना समाधान लाभलं.

गंमत म्हणजे मोठी वादळं त्यानंतरच आली. १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं, पुढे पुण्यात आणलेलं त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडलं. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. स्वतःची माणसं भुकेने गेलेली पाहिलेली बाई ती! केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या, शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. तिथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली होत्या.

कानांनी साथ सोडत आणली होती. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. आपल्यामागे तीच काम सांभाळणार, अशी आशा होती. त्या दुःखातही रमाबाईंनी भाषांतर पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं ते १९२४ मध्ये.

पुस्तक मिटलं तेव्हा दोन वाजले होते. देवापाशी समाधान म्हणजे सगळं मनासारखं होणं, अशीच माझी समजूत होती. रमाबाईंच्या मनासारखं फार थोडं झालं. तरी आपण कुणाच्या हातात आहोत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या भरवशावर त्या रोज सकाळी उठून समोरच्या कामाला लागत असाव्यात.

एम-थ्रीचा फॉर्म मी पुन्हा भरलाय. लाप्लास अजूनही डोक्यावरून जातो. गाडीत आता केडगावच्या आधीच जाग येते आणि मी वही उघडते. परवा आजीने आभार मानायला डोळे मिटले, तेव्हा मीही मिटले. ताटात तीच मेथीची भाजी होती!