समान प्रार्थनाभूमी : राष्ट्रसंत श्रीतुकडोजी महाराज यांचे जीवनकार्य

परमेश्वर एक, नित्यमुक्त आणि देवतांहून सर्वथा भिन्न आहे, हा ज्याचा सिद्धांत, त्या साधकापुढे सर्वधर्मसमभावाचा प्रश्न इतरांपेक्षा अधिक कठीण रूपाने उभा राहतो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा विवेक ज्याने श्रवण केला, त्याला सर्व उपासना सारख्याच आहेत असे सहज म्हणता येत नाही. लोकप्रियतेसाठी तसे म्हणणे ही ज्ञानाशी प्रतारणाच होय. उलटपक्षी, अहिंसा व परपीडावर्जन हा तर सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या आचारधर्माचा प्राण आहे. मग भिन्न श्रद्धेच्या शेजाऱ्याशी सख्य जोडावयाचे ते कोणत्या भूमीवर? आपली अनन्यता सोडून, की ती राखून? या प्रश्नाचे एक उत्तर वऱ्हाडातीलच एका पुरुषाने ग्रंथातील वादाने नव्हे, तर आचरणाने दिले. ते पुरुष म्हणजे राष्ट्रसंत श्रीतुकडोजी महाराज.

अमरावती जिल्ह्यातील यावली या लहानशा गावी 1909 साली एप्रिल महिन्यात त्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव बंडोजी, मातेचे मंजुळाबाई आणि बालकाचे माणिक. घरी दारिद्र्य असल्यामुळे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेले नाही. वरखेड येथील आडकोजी महाराजांच्या सहवासात बालपणीच त्यांच्या वृत्तीला वेगळे वळण लागले. तुकड्या हे नावही त्या गुरूंनीच दिलेले. 1921 साली आडकोजी महाराजांनी देह ठेवला आणि पुढे हा किशोर घर सोडून अरण्यवासाकडे वळला.

ज्या वऱ्हाडात ते वाढले, त्या भूमीला भिन्न श्रद्धांचे साहचर्य नवीन नव्हते. अचलपूर येथील दुल्हा रहमान शहा यांच्या दर्ग्यात हिंदू व मुसलमान दोघेही जात आले आहेत. अकोला जिल्ह्यातील अकोट येथील नरसिंग महाराजांचे गुरू कोतशा अली हे मुसलमान होते, हे त्या भागात सर्वविदित आहे. तथापि हे साहचर्य एखाद्या सत्पुरुषाच्या समाधीपुरते किंवा वर्षातून एकदा भरणाऱ्या यात्रेपुरते असे. यात्रा उठली की प्रत्येक जण आपापल्या वाड्यात, आपापल्या मोहल्ल्यात परते. नित्याच्या जीवनात एकत्र बसण्याची रीत त्यातून निर्माण झालेली नव्हती.

तरुण वयात रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा वनप्रदेशांत त्यांनी एकांतसाधना केली. सालबर्डीचे नाव महानुभाव वाचकांस वेगळे सांगावयास नको. सातपुड्याच्या ज्या डोंगरात सर्वज्ञांचा एकांतवास झाला, तीच ही भूमी. 1935 साली तुकडोजी महाराजांनी या सालबर्डीस मोठा यज्ञ केला. लक्षावधी लोक तेथे जमले आणि खंजिरीच्या तालावर भजन करणाऱ्या या तरुण साधूचे नाव विदर्भात व मध्यप्रांतात दूरवर पोहोचले. यज्ञयागाच्या मार्गाशी महानुभाव विचाराचे ऐक्य होणे शक्य नाही. परंतु पाहण्याजोगे आहे ते हे की, जमलेल्या समुदायाला यज्ञमंडपात गुंतवून न ठेवता महाराजांनी त्याला ग्रामसेवेकडे व सामुदायिक प्रार्थनेकडे वळविले. त्याच वर्षी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. 1936 साली सेवाग्राम येथे महात्मा गांधींच्या सान्निध्यात ते सुमारे एक महिना राहिले. 1942 च्या आंदोलनात त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील कारागृहांत त्यांना काही महिने कंठावे लागले. सुटकेनंतर श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव वाढू लागल्या.

या कार्याचा कणा म्हणजे पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना. तिची योजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रार्थनेच्या जागी कोणत्याही एका देवतेची मूर्ती स्थापावयाची नाही, केवळ एक स्वच्छ आसन अधिष्ठान म्हणून मांडावयाचे. गुरुदेव हा शब्दही एका देहधारी व्यक्तीसाठी नाही. सर्वांना सन्मार्ग दाखविणारे तत्त्व, असा त्याचा व्यापक अर्थ महाराजांनी सांगितला. त्या आसनासमोर जातीचा, पंथाचा व संपत्तीचा भेद न करता सर्वांनी शिस्तीने ओळीत बसावे, ठराविक वेळी यावे आणि ठराविक वेळी उठावे. कोणी आपली कुलदेवता सोडावी, नमाज सोडावी, नामस्मरण सोडावे, अशी अट त्यात नाही. आसन रिकामे असल्यामुळे तेथे कोणाच्याही इष्टाचा अपमान होत नाही आणि कोणालाही दुसऱ्याच्या इष्टापुढे मनाविरुद्ध मस्तक नमवावे लागत नाही.

यातील मर्म सूक्ष्म आहे. सर्वांच्या मूर्ती एका ओळीत मांडून सर्व सारखेच, असे म्हणण्याचा मार्गही महाराजांना मोकळा होता. तसे केले असते तर मूर्ती न मानणारा बाहेर राहिला असता आणि एकनिष्ठ उपासकालाही संकोच वाटला असता. त्यांनी बेरीज केली नाही, जागा मोकळी ठेवली. तत्त्वाविषयीचा मतभेद जेथल्या तेथे ठेवून शांती, सदाचार, व्यसनमुक्ती, गावाची स्वच्छता व परस्परसाहाय्य यांविषयीचा संकल्प मात्र सर्वांनी एकत्र करावा, असा हा मार्ग होता. त्यांच्या ग्रामगीतेतही प्रार्थना आणि विश्वधर्म यांचा विचार ग्रामसफाई, ग्रामउद्योग अशा विषयांच्या शेजारीच येतो. शेजाऱ्याशी नीट वागणे येथून विश्वधर्माचा आरंभ होतो, हीच या मांडणीची दिशा आहे.

1955 साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेस ते उपस्थित राहिले. अण्वस्त्रांनी झालेल्या संहाराला तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. अशा देशात शांतीच्या प्रार्थनेला निव्वळ औपचारिक अर्थ उरलेला नव्हता. विद्वानांच्या त्या सभेत वऱ्हाडातील हा अल्पशिक्षित साधू आपली खंजिरी घेऊन गेला आणि गुरुकुंजात जे गात असे, तेच तेथेही गायिले. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले.

त्यांनी स्वधर्माविषयी उदासीनता पत्करली, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. भारत साधु समाजाचे ते अध्यक्ष झाले आणि 1964 साली विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. काहींना यात विसंगती दिसेल. परंतु ज्याला स्वतःचे घर नाही, तो अतिथीला कोठे बसविणार? आपल्या परंपरेत दृढ राहूनच त्यांनी इतरांसाठी आसन मांडले होते.

11 ऑक्टोबर 1968 रोजी, आश्विन वद्य पंचमीस, सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी गुरुकुंजातच त्यांचे देहावसान झाले. तेथेच त्यांची समाधी आहे. प्रतिवर्षी पुण्यतिथीस नेमक्या त्याच मिनिटाला लक्षावधी लोकांचा समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली अर्पण करतो आणि मग विविध धर्मांच्या प्रार्थना तेथे म्हटल्या जातात. त्या मौनात कोण कोणाचे स्मरण करतो, हे कोणी विचारीत नाही.

ऋद्धिपूर आणि मोझरी ही दोन्ही स्थाने एकाच जिल्ह्यात आहेत. दोहोंचा विचार एक नाही आणि एक करण्याचे कारणही नाही. परमेश्वराविषयीचे ज्ञान सौजन्यापोटी शिथिल करावयाचे नसते. परंतु आपल्या ज्ञानावर ज्याची निष्ठा अढळ आहे, त्याला दुसऱ्याच्या प्रार्थनेचे भय वाटण्याचे प्रयोजन नाही. सायंकाळच्या स्मरणानंतर उपदेशी वासनिकाने गावातील सर्वांसमवेत एका सतरंजीवर बसून गावाचे हित चिंतावे, यात अनन्यतेचा भंग होत नाही. ज्या अहिंसेचा निरोप आपणांस मिळाला, तिचे ते एक साधे आचरण होय.